वाचकांचे प्रश्न: बेटावरच्या हॉटेलात बर्फावर एसी चालवून खरंच डिझेल वाचतं का?

नवतपा (मे-अखेरचे ऐन उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की या सदरात दरवर्षी गारव्याचेच प्रश्न येतात, पण यंदा एक वेगळाच विषय निघाला आणि त्यावर बऱ्याच जणांनी आपापल्या बाजूने विचारलंय, म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देऊन टाकतोय. विषय असा की गारवा साठवून ठेवता येतो का. म्हणजे वीज स्वस्त असेल किंवा उरत असेल तेव्हा बर्फ नाहीतर गार पाणी करून ठेवायचं आणि मग उकाडा असेल तेव्हा त्याच्यावर एसी चालवायचा. प्रश्न थोडे आटोपते केलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न: माझा मुलगा मालदीवमधल्या एका रिसॉर्टमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर आहे. बेट छोटंसं, वीज सगळी डिझेल जनरेटरवर. आता तिथे थर्मल स्टोरेज लावायचं चालू आहे, रात्री बर्फ करायचा आणि दिवसा त्यावर एसी. विकणारे सांगून राहिले की एसीची वीज ४० टक्के वाचते. मुलगा म्हणतो आई, हिशोब जुळत नाही. खरं काय आहे? (वाचिका, मनीषनगर)

ताई, मुलाला शंका आली ती अगदी योग्य जागी आली. पहिली गोष्ट त्याला ही सांगा की साठवणूक स्वतःहून एक युनिटही वाचवत नाही, ती फक्त वेळ बदलते. आपल्याकडे नळ सकाळी तासभर येतो म्हणून आपण टाकी भरून ठेवतो, त्याने पाणी वाढत नाही, फक्त संध्याकाळी हाताशी असतं, तसंच हे. मग फायदा कुठे होतो तर ज्या वेळेला तुम्ही गारवा बनवता त्या वेळची वीज आणि ज्या वेळेला वापरता त्या वेळची वीज यांच्यात किती फरक आहे, तिथे. फरक मोठा असेल तर फायदा मोठा, फरकच नसेल तर फक्त टाक्या विकत घेतल्या असं होतं.

आता बर्फाचा हिशोब बघू. नेहमीच्या सेंट्रल एसीत चिलर ६-७ अंशाचं पाणी तयार करतो. बर्फ जमवायचा म्हटलं की त्याला उणे ५ अंशाच्या आसपास ग्लायकॉल मिसळलेलं पाणी (म्हणजे ते स्वतः गोठत नाही) फिरवावं लागतं, म्हणजे १२ अंश आणखी खाली जायचं. आणि दर एक अंश खाली गेलं की तेवढ्याच गारव्याला साधारण २ ते ३ टक्के वीज जास्त लागते. म्हणजे बर्फाचा गारवा पाव हिश्श्याने नाहीतर त्याहूनही जास्त महाग पडतो, वर त्याच चिलरची ताकद ६५-७० टक्क्यांवर येते. नागपूरसारख्या ठिकाणी हे नुकसान रात्रीची हवा भरून काढते कारण मे महिन्यात दुपारी ४४ आणि पहाटे २८-२९ असा १५ अंशांचा उतार असतो, थंड हवेत कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकायला सोपं जातं. मालदीवमध्ये दिवसा ३०-३१ आणि रात्री २५-२६, चहूबाजूंनी समुद्र असल्यावर रात्र फारशी गार होतच नाही, मग तो फायदा मिळतो ४-५ अंशांचाच. त्यामुळे नुसत्या युनिटमध्ये मोजलं तर तिथे रात्री बर्फ करणं हे वीज वाढवणारं काम आहे, कमी करणारं नाही. ४० टक्के हा आकडा कुठून आणला ते लेखी मागा, आणि तो युनिटचा आहे, डिझेलचा आहे की पैशांचा, हे वेगवेगळं मागा.

तरी पण मी मुलाला ही योजना सोडून दे असं सांगणार नाही, कारण बेटावर खरी कमाई दुसऱ्याच ठिकाणी आहे आणि ती आहे जनरेटरच्या लोडमध्ये. डिझेल जनरेटर ७५-८० टक्के लोडवर चालला की एका लिटरमध्ये साडेतीन-पावणेचार युनिट देतो. तोच २५-३० टक्के लोडवर रेटत ठेवला की लिटरमागे तीनच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो, शिवाय अर्धवट जळालेलं तेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते आणि इंजिनाचं आयुष्य खातं. आता रिसॉर्टमध्ये काय होतं, की सकाळी सगळे नाश्त्याला आणि मग पाण्यावर, खोल्या रिकाम्या, संध्याकाळी सहा ते बारा सगळं एकदम चालू, किचन लाँड्री रेस्टॉरंट खोल्या सगळंच, आणि त्या सहा तासांसाठी एक जास्तीचा जनरेटर नेहमी तयार ठेवावा लागतो, शिवाय एखादा बंद पडला तर म्हणून अजून एक अर्ध्या लोडवर फिरता ठेवतात. गारव्याची टाकी असली की संध्याकाळी चिलर बंद किंवा कमी ठेवून टाकीवर भागवता येतं, तो जास्तीचा जनरेटर लावावाच लागत नाही, जे चालू आहेत ते चांगल्या लोडवर चालतात. हे बचतीचं पहिलं खरं कारण. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि समुद्रपातळीपासून जेमतेम दीड-दोन मीटर वर असलेल्या बेटांना ते परवडणारं नाहीच.

दुसरं कारण सोलर, आणि माझ्या मते आज तेच सगळ्यात मोठं आहे. मुलाला विचारा की रिसॉर्टच्या छतांवर सोलर आहे का किंवा लावणार आहेत का. असेल तर रात्री बर्फ करायची कल्पनाच डोक्यातून काढून टाकायला सांगा. ही रात्रीची रीत शहरातल्या ऑफिस बिल्डिंगची आहे, तिथे वापर दुपारी आणि स्वस्त वीज रात्री होती. रिसॉर्टमध्ये उलटं आहे, पाहुणे रात्री खोलीत असतात आणि फुकटची वीज दुपारी बारा ते तीनला असते. दुपारी सोलर जोरात असताना जनरेटरला किमान ३० टक्के लोड तरी ठेवावाच लागतो म्हणून बऱ्याच ठिकाणी चक्क सोलर कमी करून ठेवतात, डोळ्यासमोर वीज वाया. त्या वेळी चिलरने गार पाणी भरून घेतलं की ती सगळी वीज टाकीत जाते आणि रात्री नऊला खोलीत उतरते. म्हणजे यंत्र तेच, टाकी तीच, फक्त घड्याळ उलटं.

आता बर्फ की पाणी. १ टन-तास गारवा, म्हणजे एक टनाचा एसी तासभरात देतो तेवढा, साठवायला ३८ किलो बर्फ पुरतो, पण ८ अंशांचा फरक धरला तर गार पाणी लागतं ३७८ लिटर. म्हणजे १,००० टन-तासाला बर्फाच्या टाक्या ६०-७० घनमीटरमध्ये बसतात आणि पाण्याची टाकी ४२० घनमीटरच्या घरात जाते, ९ मीटर व्यास आणि साडेसहा मीटर उंच. छोट्या बेटावर, पाहुण्यांच्या नजरेसमोर एवढी टाकी कोणी उभी करू देत नाही. पण जर जमिनीखाली किंवा मागच्या सर्व्हिस भागात जागा असेल तर मी शंभर वेळा पाण्याच्या टाकीच्या बाजूने बोलेन, कारण तिथे उणे ५ अंशाचा दंड नाही, ग्लायकॉल नाही, साधा चिलर चालतो, आणि तेच पाणी आग विझवायच्या साठ्यातही धरता येतं (नियम बघून). फक्त एक काळजी, पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, त्यामुळे गार पाणी खाली आणि कोमट वर असे थर टाकीत आपोआप राहतात, पण ४ च्या खाली गेलात तर ते थर उलटायला लागतात, आणि पाणी आत सोडायची जाळी नीट नसेल तर सगळं ढवळून निघतं आणि मग टाकी भरलेली दिसते पण गारवा मिळत नाही. ती जाळी, डिफ्यूझर म्हणतात तिला, तिच्यावर पैसे वाचवू नका.

अजून एक. बेटावर पिण्याचं पाणीसुद्धा समुद्रातून आरओ करून काढतात, १,००० लिटरला ३-४ युनिट लागतात. कूलिंग टॉवर, म्हणजे पाण्याची वाफ करून चिलरची उष्णता बाहेर टाकणारा मनोरा, लावला तर दर टन-तासाला साडेसहा-सात लिटर पाणी वाफ होऊन जातं, वर थोडं काढून टाकावं लागतं. म्हणून तिथे बहुतेक एअर-कूल्ड चिलर असतात नाहीतर समुद्राच्या पाण्यावर कंडेन्सर, आणि ते असेल तर टायटॅनियमचा हीट एक्स्चेंजर घ्यायचा, साधं तांबं खारं पाणी खाऊन टाकतं. हा हिशोबही प्रपोजलमध्ये आहे का ते मुलाने बघावं.

आणि टाकीच्या आधी लोड कमी करा. बाल्कनीचं दार उघडलं की एसी बंद होईल असा स्विच, खोली रिकामी असताना सेट पॉइंट (एसीला लावून ठेवलेलं तापमान) आपोआप वर, पाइपांचं इन्सुलेशन धड. आपल्या बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, सांगणं आहे की सेट पॉइंट एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. हे सगळं झाल्यावर जो लोड उरतो त्याच्यावर टाकीचा आकार काढायचा, म्हणजे टाकीही लहान लागते. उलट्या क्रमाने केलं तर वाया जाणाऱ्या गारव्यासाठी टाकी विकत घेतली असं होईल.

मुलाला एकच काम सांगतो तुमच्यातर्फे ताई, दर तासाला एसीचा लोड किती आणि कोणता जनरेटर किती किलोवॉटवर, हे आठवडाभर लिहून काढ, गर्दीच्या सीझनमध्ये एक आठवडा आणि पावसाळ्यात एक. तो कागद साहेबांपुढे ठेवला की त्याला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

प्रश्न: मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. आता लिथियम बॅटरी इतक्या स्वस्त होऊन राहिल्या तर बर्फबिर्फाच्या भानगडीत कायले पडायचं? सोलरची वीज सरळ बॅटरीत भरा आणि रात्री एसी चालवा. (विद्यार्थी, हिंगणा रोड)

चांगला प्रश्न आहे रे, आणि परीक्षेपेक्षा कामावर जास्त उपयोगी पडेल. एअर-कूल्ड चिलरला एक टन-तास गारवा काढायला वरचे पंपबिंप धरून साधारण सव्वा युनिट लागते. म्हणजे १,००० टन-तासाची बर्फाची टाकी ही १,२५० युनिटच्या बॅटरीचं काम करते, आणि तिच्यात आहे काय तर प्लॅस्टिकची नळी, पाणी आणि जाड इन्सुलेशन. हजारो वेळा गोठवा-वितळवा, पाणी काही म्हातारं होत नाही. बॅटरी दर वर्षी थोडी थोडी कमी होते, गरमीत लवकर कमी होते, आणि खाऱ्या दमट हवेच्या बेटावर तिला स्वतःलाच एसीच्या खोलीत ठेवावं लागतं. आग लागली तर अग्निशमनाची गाडी यायला रस्ताच नाही, हाही विचार करायचा.

पण बॅटरी जे करते ते बर्फ कधीच करू शकत नाही. ढग आला आणि सोलर दोन सेकंदात अर्ध्यावर आला तर बॅटरी तेवढ्याच वेळात भरून काढते, चिलरला चालू-बंद व्हायला मिनिटं लागतात. दक्षिण अंदमानात एनएलसी या सरकारी कंपनीचा २० मेगावॉटचा सोलर प्रकल्प आहे, त्याच्यासोबत ८ मेगावॉट-तासाची बॅटरी आहे. आकडे बघ, २० मेगावॉट पूर्ण जोरात असेल तर ती बॅटरी अर्ध्या तासाच्या आत भरेल, म्हणजे एवढ्या बॅटरीवर रात्रभराचा एसी काढता येणारच नाही, ती मुख्यतः चढउतार सांभाळायला कामाची. लक्षद्वीपला कवरत्तीत १.७ मेगावॉट सोलरसोबत १.४ मेगावॉट-तासाची बॅटरी, तिथेही मोठा साठा नाहीच. तर लहान बॅटरी सेकंदांसाठी आणि मोठी गारव्याची टाकी तासांसाठी, दोन्ही एकत्र असं बेटावर करावं, माझं तरी हेच मत आहे. ज्या बेटावर अर्ध्याच्या आसपास वीज एसीच खात असेल तिथे ती सगळी वीज बॅटरीतून फिरवणं हा पैशांचा चुराडा आहे.

प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर कॉलेजच्याच एखाद्या एसी असलेल्या बिल्डिंगचा तासातासाचा लोड काढ, त्यावर टाकीचा आकार काढ. गाइड कोणतेही असोत, नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न: हे तंत्र नवीन आहे की जुनंच नव्याने विकतात? आणि समुद्र तर खाली गारच असतो म्हणतात, तो का नाही वापरत? (निवृत्त शिक्षक, महाल)

गुरुजी, जुनंच आहे, आणि जुनं आहे म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास आहे. एसीचं 'टन' हे मापच बर्फाचं आहे, २,००० पौंड बर्फ २४ तासात वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढा एक टन, आजच्या हिशोबाने ३.५ किलोवॉट. १८३३ मध्ये अमेरिकेत बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तळ्यातला बर्फ जहाजात भरून कोलकात्याला पाठवला होता, चार महिने समुद्रात राहून, विषुववृत्त ओलांडून १८० टनातला सुमारे १०० टन शाबूत पोचला, नुसत्या भुशाच्या आणि लाकडाच्या इन्सुलेशनवर. चेन्नईला त्याच बर्फासाठी बांधलेलं आइस हाऊस आजही उभं आहे, त्याला आता विवेकानंदर इल्लम म्हणतात. आणि आपल्याकडे डेअरीवाल्यांना तर आइस बँक नवीन नाहीच, दूध सकाळ-संध्याकाळ दोनदाच येतं आणि आलं की लगेच गार करावं लागतं, म्हणून मधल्या वेळात छोटा कॉम्प्रेसर हळूहळू कॉइलवर बर्फ जमवत राहतो. त्या डेअरीच्या टाकीत आणि रिसॉर्टच्या टाकीत तत्त्वाचा काही फरक नाही.

समुद्राचं म्हणाल तर वापरतात, आणि फार सुंदर वापरतात. ताहितीजवळ बोराबोरा बेटावर एका मोठ्या हॉटेलने २००६ मध्ये ९०० मीटरच्या आसपास खोलीवर पाइप टाकला, तिथून ५ अंशाचं पाणी वर आणतात, हीट एक्स्चेंजरमधून हॉटेलचं पाणी गार करतात आणि समुद्राचं पाणी परत सोडतात. चिलरचा कॉम्प्रेसर लागतच नाही, फक्त पंप. तेतियारोआ बेटावरच्या रिसॉर्टमध्येही, ते २०१४ ला सुरू झालं, हीच पद्धत आहे. अडचण अशी की हे तिथेच जमतं, जिथे किनाऱ्यापासून जवळच तळ एकदम खोल जातो. उथळ समुद्र असेल तर पाइप कित्येक किलोमीटर लांब टाकावा लागेल आणि त्याचा खर्च निघणार नाही. आपल्या लक्षद्वीपला तसा उतार आहे, म्हणूनच कवरत्तीला २००५ पासून खोल समुद्रातलं गार पाणी आणून त्यावर खाऱ्याचं गोडं पाणी करायचा प्लांट चालतो, रोज १ लाख लिटरचा, चेन्नईच्या एनआयओटी या सरकारी संस्थेने केलेला. तेच वर आणलेलं गार पाणी पुढे इमारती गार करायलाही वापरावं असं मला मनापासून वाटतं, एकदा पाइप टाकलाच आहे तर त्याचा पूर्ण उपयोग व्हावा.

प्रश्न: रिसॉर्टचं सोडा, आमच्या घरी कूलरच्या टाकीत बर्फ टाकला तर खोली जास्त गार होते का? मुलं रोज दोन ट्रे टाकून राहिली. (वाचिका, नंदनवन)

ताई, मुलांना थांबवा, त्यात काहीच हाती लागत नाही. १० किलो बर्फ, ट्रे नाही, दहा किलो, वितळून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जेवढी उष्णता ओढतो तेवढं काम एक टनाचा एसी २० मिनिटात करतो. आणि तेच १० लिटर साधं पाणी ताटीवरून वाफ होऊन गेलं तर पावणेदोन-दोन तासांच्या एसीएवढं काम होतं. म्हणजे कूलरमध्ये गारवा येतो तो पाणी गार आहे म्हणून नाही येत, ते वाफ होतं म्हणून येतो, आणि वाफ होताना पाणी नुसत्या वितळणाऱ्या बर्फापेक्षा सातपट उष्णता घेतं. वर फ्रीजमध्ये बर्फ करताना फ्रीज तेवढी आणि अजून थोडी उष्णता तुमच्याच स्वयंपाकघरात सोडतो.

त्यापेक्षा गवत दरवर्षी बदला, वाळ्याची ताटी मिळाली तर उत्तमच, पाणी सगळीकडे सारखं पडतंय का बघा आणि समोरची एक खिडकी उघडी ठेवा, दमट हवा बाहेर गेलीच पाहिजे. आणि त्या रिसॉर्टवाल्यांना कूलर का चालत नाही तेही यातच आलं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश होतं तरी हवा कोरडी म्हणून आपले कूलर चालले. समुद्राच्या बेटावर ३१ अंशच असतं पण हवा आधीच पाण्याने भरलेली, ताटीवरचं पाणी वाफ व्हायला जागाच नाही. तिथल्या एसीचा मोठा हिस्सा तर हवेतलं पाणी काढण्यातच जातो, नाही काढलं तर गाद्यांना पडद्यांना बुरशी.

प्रश्न: बेसाकडे आमचा लॉन आणि एसी हॉल आहे. एप्रिल-मे मध्ये लग्नं, १,००० माणूस, १२० टन एसी सांगितला आहे. लाइटबिल आणि डिमांड चार्ज ऐकून पोटात गोळा आला. ही बर्फाची आयडिया आम्हाला चालेल का? (वाचक, बेसा)

भाऊ, खरं सांगतो, रिसॉर्टपेक्षा ही तुम्हाला जास्त चालेल. तुमचा लोड असा आहे की पाच तास १२० टन आणि बाकी १९ तास शून्य, साठवणुकीला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. हिशोब बघा, ५ तास गुणिले १२० म्हणजे ६०० टन-तास. ४५ टनाचा चिलर घेतला, तो बर्फाच्या वेळी २९ टन देईल, १३ तास चालवला की ३८० टन-तास टाकीत. मग लग्नाच्या पाच तासात तोच चिलर सरळ चालला की २२५. झाले ६०५. म्हणजे १२० च्या जागी ४५ टन. बर्फ वजनाने साडेचौदा टन होईल, टाक्या मागच्या पार्किंगच्या कोपऱ्यात बसतील. १२० टनाला दीडशे किलोवॉटच्या वर डिमांड (एका वेळी लागणारी जास्तीत जास्त वीज, डिमांड चार्ज तिच्यावरच) गेली असती, इथे पंप धरून ६०-६५ मध्ये भागेल, ट्रान्सफॉर्मर लहान, जनरेटर लहान. आणि ऐन रिसेप्शनला वीज गेली तर टाकीतला गारवा फिरवायला जनरेटरवर फक्त पंप आणि पंखे लागतात, नवरदेवाला घाम फुटत नाही.

नागपूरच्या रात्रीचा फायदा वर सांगितलाच आहे, तो तुम्हाला मिळतो. फक्त दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. एक, सकाळी लग्न एकाचं आणि संध्याकाळी रिसेप्शन दुसऱ्याचं असं बुकिंग घेत असाल तर मध्ये टाकी भरायला वेळच मिळणार नाही, मग चिलर मोठा घ्यावा लागेल, हे आत्ताच ठरवा, नंतर मंडपात उभं राहून ठरवता येत नाही. दुसरी गोष्ट वेळेच्या दराची. वर्षानुवर्षं आपल्याकडे रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त धरायचे. पण केंद्राने २०२३ ला ग्राहकांच्या नियमात बदल केला, त्यानुसार सूर्याच्या आठ तासांत दर किमान २० टक्के कमी आणि पीकच्या, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या तासांत व्यावसायिक ग्राहकांना किमान २० टक्के जास्त ठेवायचा आहे, १० किलोवॉटच्या वरच्या व्यावसायिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून. संध्याकाळ म्हणजे तुमची रिसेप्शनची वेळ, ती महाग होणार, आणि स्वस्त वेळ रात्रीकडून दुपारकडे सरकणार. दुपारी ४४ अंशात बर्फ करायला वीज जास्त लागते पण दर कमी, रात्री उलटं. म्हणून कंट्रोल पॅनेल असं घ्या की कोणत्या तासाला टाकी भरायची ते तुमच्या माणसाला स्वतः बदलता येईल, कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागणार नाही. महावितरणच्या बिलावर वेळेचे झोन आणि दर छापलेले असतात, दर बदलला की ते बघून वेळ बदलायची.

आणि कोटेशनमध्ये टाकीची क्षमता टन-तासात आणि किती अंशाचं पाणी किती तास मिळेल ते लिहून घ्या. नुसतं '१५ टन बर्फ' लिहिलेलं चालणार नाही, कारण शेवटचा बर्फ वितळताना पाणी कोमट यायला लागतं आणि तेव्हाच नेमकी पंगत बसलेली असते.

प्रश्न: आमचा अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, १२ खोल्यांचा होमस्टे आहे, भाऊ तिथे राहतो आणि मी इकडून बघतो. आम्ही असं काही करावं का? (वाचक, प्रतापनगर)

नका करू. १२ खोल्यांना सेंट्रल प्लांटच नसतो, स्प्लिट एसी असतात, आणि फक्त साठवणुकीसाठी चिलर, टाकी, पाइप असं सगळं नव्याने घालणं तुम्हाला झेपणार नाही, आणि बिघडलं तर मेकॅनिक बोटीने येणार. तुमचे पैसे दुसरीकडे घाला. छताला वरून पांढरा उष्णतारोधक कोट, पश्चिमेच्या भिंतीला वेलीची किंवा जाळीची सावली, ५ स्टार इन्व्हर्टर एसी ज्याच्या बाहेरच्या युनिटच्या कॉइलवर खाऱ्या हवेचं कोटिंग आहे, आणि प्रत्येक खोलीत चांगला पंखा म्हणजे पाहुण्याला २६ वरही गार वाटतं. बाहेरचं युनिट समुद्राच्या बाजूला लावू नका आणि भावाला सांगा दर पंधरा दिवसांनी साध्या गोड्या पाण्याने त्याची कॉइल धुवायची, मिठाचा थर बसला की वीजही जास्त खातो आणि दोन-तीन वर्षात कॉइल सडते. एसीच्या नळीतून जे पाणी टपकतं ते बादलीत धरा, दमट हवेत एका खोलीचं रोज बादलीभर सहज निघतं, कॉइल धुवायला तेच वापरता येईल.